लेक रश करणार म्हणते, तेव्हा आईबाबांनी काय बघायचं

प्रश्न एका आईचा आहे. कुटुंब नॉर्थ कॅरोलिनातलं, आईबाबा दोघंही पुण्यात शिकलेले. थोरली लेक ऑगस्टमध्ये दक्षिणेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात बिझनेस शिकायला जाणार आहे. जूनमध्ये दोन दिवसांचं ओरिएंटेशन आहे, आणि वर्ग सुरू होण्याआधीच्या आठवड्यात तिला सोरॉरिटीचा रश करायचाय. सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची संघटना, आणि रश म्हणजे तिच्यात शिरण्यासाठीची निवडीची फेरी. बाबांना ही सगळी थेरं वाटतात, आईला रॅगिंगची धास्ती आहे, आणि लेक म्हणते तुम्हाला यातलं काही कळत नाही. आईचे प्रश्न असे: ओरिएंटेशनला जाऊन नेमकं काय विचारायचं, खर्च किती, हिला कुणी घेतलंच नाही तर काय, आणि त्या आठवड्यात आम्ही तिथेच हॉटेल घेऊन राहावं का.

मी बरीच वर्षं एका सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांची ॲडव्हायजर आहे. उन्हाळाभर ओरिएंटेशनला येणाऱ्यांची वेळापत्रकं लावून देते. ऑगस्टमध्ये रश आटोपलेल्या मुली माझ्याच खोलीत येऊन बसतात, काही नव्या कोऱ्या टी-शर्टात, काही डोळे सुजलेल्या. मी स्वतः कुठल्या सोरॉरिटीत नव्हते, माझं कॉलेज महाराष्ट्रातलं. त्यामुळे मला या प्रकाराचं प्रेमही नाही आणि रागही नाही.

तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: आपल्याला अनोळखी असलेल्या गोष्टीत लेक उतरतेय, तर आपण कुठवर लक्ष घालायचं? माझं उत्तर सरळ आहे. पैसा आणि कागदपत्रं तुमची, आणि ती ऑगस्टच्या आधी उरकायची. निवड तिची, आणि त्यात तुम्ही पडायचं नाही. अडचण अशी की बहुतेक घरांत हे उलटं होतं. कागदपत्रं लेकीवर सोडून देतात आणि कुठलं हाऊस, म्हणजे कुठली सोरॉरिटी, चांगलं यावर घरात चर्चासत्र भरतं.

आधी ओरिएंटेशन घेऊ, कारण सगळे ते सहलीसारखं घेतात आणि तिथेच पहिलं सत्र ठरतं. पहिल्या दिवशी सकाळी मुलं एकीकडे आणि पालक दुसरीकडे अशी फाटाफूट होते. ती मुद्दाम केलेली असते. दुसऱ्या दिवशी मुलं आमच्यासमोर लॅपटॉप उघडून विषय निवडतात. मागच्या एका उन्हाळ्यात एक मुलगी नोंदणीचं बटण दाबत होती आणि पानावर लाल पट्टी येत होती: लसीकरणाची नोंद अपुरी. एमएमआरचा दुसरा डोस घेतलेला होता, पण त्याचा कागद घरी फाइलमध्ये. बाहेरून बाबांचे मेसेज येत होते, ‘अकाउंटिंग सकाळचं घे, अमुक प्रोफेसर चांगले आहेत’. तो कागद कुठे आहे हे मात्र बाबांनाही ठाऊक नव्हतं. तिची पट्टी दुपारी निघाली, तोवर सकाळचं अकाउंटिंग भरलं होतं.

म्हणून जूनच्या आत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राच्या पानावर जा. एमएमआरचे दोन डोस, मेनिंजायटिस, आणि आपल्या लोकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे टीबीची प्रश्नावली. पुष्कळ विद्यापीठं विचारतात, की क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या देशात तुमचा जन्म झालाय का, किंवा तिथे बराच काळ राहिला आहात का. भारत त्या यादीत असतो. लेक लहानपणी सगळी सुट्टी आजीकडे काढून आली असेल तर रक्ताची तपासणी मागू शकतात, आणि ती ऐनवेळी करायला गेलं की आठवडा जातो.

दुसरं, ती अठराची झाली किंवा कॉलेजात दाखल झाली, की फेर्पा नावाच्या १९७४ च्या कायद्यानुसार तिच्या शैक्षणिक नोंदींवर हक्क तिचा. फी तुम्ही भरत असलात तरी तिचे मार्क तुम्हाला सांगायला मी बांधील नाही, आणि तिची लेखी संमती नसेल तर सांगणारही नाही. पालकांना हे ऐकून दरवर्षी धक्का बसतो. तिला निदान बिलं तुम्हाला दिसतील एवढी परवानगी पोर्टलवर द्यायला सांगा. मार्कांची द्यायची का, ते तुम्ही दोघींनी बोलून ठरवा. वैद्यकीय बाबतीतही तेच. ती अठराची झाल्यावर तिच्या सहीचं मेडिकल पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवा, म्हणजे रात्री दोनला दवाखान्यातून फोन आला तर तुमच्याशी बोलायला कुणी आढेवेढे घेणार नाही. तुमचा घरचा आरोग्य विमा चालणार असेल तर विद्यापीठाचा विमा नको असं मुदतीत कळवा, नाहीतर तो आपोआप बिलात चढतो.

आणि विषय निवडताना तिला एकटीला बसू द्या. फक्त आधी घरी दोन गोष्टी ठरवून पाठवा. एपीचे, म्हणजे शाळेत असतानाच दिलेल्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांचे, गुण कॉलेज बोर्डाकडून विद्यापीठाला पाठवलेत का, आणि पहिल्या सत्रात किती क्रेडिट घ्यायचे. बारा क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. रश करणाऱ्या मुलीने पहिल्या सत्रात तेरा-चौदावर थांबावं असं माझं मत आहे, कारण बिड, म्हणजे सोरॉरिटीत येण्याचं अंतिम निमंत्रण, मिळाल्यावर नव्या सदस्यांच्या सभा, अभ्यासाचे सक्तीचे तास, शनिवारच्या फुटबॉलचा गोंधळ हे सगळं सप्टेंबरातच अंगावर येतं. तिला स्कॉलरशिप असेल तर मात्र तिची क्रेडिटची अट आधी वाचा, काहींना पंधरा लागतात.

आता रश. तुमच्या लेकीला जो करायचाय तो नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या सोरॉरिट्यांचा. ही संघटना १९०२ पासूनची, सोरॉरिट्या त्याहून जुन्या. कप्पा अल्फा थीटा १८७० ची आहे, म्हणजे फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या त्याच्याही सोळा वर्षं आधीची. कॉलेजात मुली मूठभर आणि मुलांच्या संघटनांत त्यांना शिरकाव नाही, तेव्हा त्यांनी आपल्या काढल्या. बाबांना एवढं सांगा. थेरं नंतरची आहेत, मूळ तसं नाही. २०२१ च्या ऑगस्टपासून टिकटॉकवर अलाबामा विद्यापीठाच्या रशचे जे व्हिडिओ फिरतात, रोजचा ड्रेस, रोजचे दागिने, ते पाहून मत बनवू नका. तिथे एका रशला अडीच हजारांच्या आसपास मुली उतरतात, ते देशातलं टोक आहे. तुमची लेक कुठे जाते त्यावर बरंच अवलंबून आहे. व्हर्जिनिया विद्यापीठासारख्या काही ठिकाणी रश जानेवारीत होतो, म्हणजे पहिल्या सत्राचे गुण हातात आल्यावर. मला तीच पद्धत शहाणपणाची वाटते, पण दक्षिणेत ऑगस्ट चालतो आणि ते तुमच्या-माझ्या हातात नाही.

एकूण प्रकार कसा चालतो ते तुम्हाला चटकन कळेल, कारण तुम्ही कॅप राउंड ऐकलेले किंवा भोगलेले असणार. पसंतीक्रम भरायचा, फेरी लागायची, यादी आकसत जायची, शेवटी एक जागा. फरक एवढाच की इथे कट-ऑफ नाही, दोन्ही बाजू एकमेकांचा क्रम लावतात आणि संगणक जुळणी करतो. पहिल्या फेरीत मुलगी सगळ्या हाऊसमध्ये जाते. मग ती आपला पसंतीक्रम लावते, हाऊसही त्यांची यादी कापतात. दुसऱ्या फेरीत समाजकार्य, तिसऱ्यात घर दाखवणं आणि जास्त निवांत गप्पा, आणि शेवटी प्रेफरन्स, जिथे जास्तीत जास्त दोन, काही ठिकाणी तीन हाऊस उरतात. फेऱ्यांची संख्या आणि नावं विद्यापीठागणिक बदलतात.

यातली एक गोष्ट तुम्ही आणि लेकीने नीट समजून घ्या, म्हणजे अर्धं रडणं वाचेल. प्रत्येक हाऊसला प्रत्येक फेरीत किती मुलींना परत बोलवायचं याचा आकडा दिलेला असतो, आणि तो मागच्या वर्षांच्या अनुभवावरून काढतात. ज्या हाऊसला बोलावलेल्या जवळजवळ सगळ्या मुली होकार देतात, त्याला सुरुवातीलाच भरमसाट नावं कापावी लागतात. कमी मागणीच्या हाऊसला जास्त बोलवायची मुभा असते. शेवटी प्रत्येकाचा कोटा मात्र सारखा. म्हणून पहिल्या दिवशी जिथे वीस मिनिटं धो धो गप्पा झाल्या, हसून पोट दुखलं, तेच हाऊस दुसऱ्या सकाळी यादीत नसतं. मुलगी विचार करत बसते, आपण काय वेडंवाकडं बोललो. बहुतेक वेळा काहीच बोललेली नसते. शेकडो मुलींतून काही नावं ठेवायची होती, आणि तिच्याशी बोललेली मुलगी त्या रात्रीच्या मतदानात एकटी होती.

गप्पांचंही थोडं सांगते. दार उघडतं, आतल्या मुली टाळ्या वाजवत एका सुरात ओरडतात, आवाजाने छाती दडपते. मग एक जण तुमच्या लेकीला हाताला धरून आत नेते, पाचेक मिनिटांनी दुसरी येते, मग तिसरी. हे सगळं आखलेलं असतं, आपण कंटाळवाण्या वाटलो म्हणून ती उठून गेली असं नव्हे. मुलगे, दारू, धर्म, पैसा आणि राजकारण हे विषय टाळायचे असा अलिखित संकेत आहे. बाकी तिने तिच्यासारखं बोलावं. भरतनाट्यम, दिवाळी, घरी मराठी बोलणं हे सांगायला अजिबात कचरू नये. त्या गोंगाटात दिवसभर ‘तुझा मेजर काय, तू कुठली’ हेच ऐकलेल्या मुलीला एखादी वेगळी गोष्ट लक्षात राहते. नावाचा उच्चार चुकला तर हसून दुरुस्त करावा. पिशवीत पाण्याची बाटली, चालायचे जोडे, घाम टिपायला रुमाल. दक्षिणेतला ऑगस्ट आहे. महागड्या कपड्यांवर खर्च करू नका, पहिल्या फेरीला बहुधा टी-शर्ट तेच देतात आणि शेवटच्या रात्रीला एक बरा ड्रेस पुरतो.

‘आमच्या घरात कुणी सोरॉरिटीत नव्हतं’ ही काळजी मात्र जुनी झाली. आई किंवा बहीण सदस्य असेल तर प्राधान्य, ही पद्धत बऱ्याच राष्ट्रीय संघटनांनी २०२० नंतर मोडीत काढली, शिफारसपत्रांचा आग्रहही बराच सुटला. रंगाचा प्रश्न संपलाय असं मात्र मी म्हणणार नाही. अलाबामात २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने, ‘द क्रिमसन व्हाइट’ने, कृष्णवर्णीय मुलींना कसं डावललं जातं ते छापलं आणि देशभर बोभाटा झाला. त्यानंतर चित्र बदललं, पण हाऊसागणिक वेगळं. लेकीला एक साधी युक्ती सांगा. घर बघायला नेतात त्या फेरीत भिंतींवर दरवर्षीच्या सदस्यांच्या छोट्या फोटोंच्या मोठ्या फ्रेम टांगलेल्या असतात. तिथे दोन मिनिटं रेंगाळून चेहरे बघावेत. त्या फ्रेममधून जे कळतं ते तोंडच्या भाषणातून कळत नाही.

याच फेरीत तिने जेवणाचंही विचारावं. बऱ्याच मोठ्या हाऊसमध्ये स्वयंपाकी असतो आणि तिथल्या जेवणाचे पैसे बाहेर राहणाऱ्या सदस्यांनाही भरावे लागतात. शाकाहारी मुलीला रोज फक्त सॅलड आणि चीज सँडविच मिळणार असेल, आणि डॉर्मचा, म्हणजे वसतिगृहाचा, मील प्लॅनही सक्तीचा असेल, तर तुम्ही एकाच पोटाचे दोनदा पैसे भरताय.

खर्चाचा भाग तुमचा, म्हणून थोडं सविस्तर. फरक प्रचंड आहे. छोट्या कॉलेजात सत्राला काहीशे डॉलरमध्ये भागतं, अलाबामासारख्या ठिकाणी हाऊसमध्ये न राहणाऱ्या नव्या सदस्याला पहिल्या सत्राला चार हजारांच्या आसपास पडतात. पहिल्या वर्षी दीक्षेची आणि इतर एकदाच भरायची रक्कम असते, पुढच्या वर्षी कमी होते. दुसऱ्या वर्षी हाऊसमध्येच राहण्याची सक्ती असते का, हे जरूर विचारा, कारण अपार्टमेंटचा करार विद्यार्थी फार आधी करून बसतात. शिवाय टी-शर्ट, फोटो, नाचाच्या कार्यक्रमांचे कपडे, न आल्याचा दंड. पॅनहेलेनिकच्या पानावर हाऊसवार आकडे बहुधा मिळतात. बसून ठरवा आणि लेकीला रश सुरू होण्याआधी एक आकडा सांगा: वर्षाला एवढे, त्यावर तू उन्हाळ्यात कमावलेले. मग त्या आकड्यावरून आठवड्याच्या मधोमध वाद नको.

रॅगिंगबद्दल तुमची भीती अनाठायी नाही. २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलांच्या अशाच संघटनेत, नव्या सदस्याला दारू पाजली, तो जिन्यावरून पडला आणि मदतीला फोन केला तो जवळपास बारा तासांनी. मुलगा गेला. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये आला. इथे राज्याराज्यांचे कायदे होते, देशपातळीवरचा स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट (हेझिंग म्हणजे इथलं रॅगिंग) डिसेंबर २०२४ मध्ये झाला. त्याचा तुम्हाला थेट उपयोग असा, की कुठल्या संघटनेवर हेझिंगचा ठपका बसला ते कॉलेजला आता आपल्या वेबसाइटवर जाहीर करावं लागतं. तो अहवाल लेकीसोबत बसून वाचा. रशच्या आठवड्यात दारू आणि मुलगे दोन्ही वर्ज्य असतात, बहुतेक सोरॉरिट्यांच्या घरातही दारू चालत नाही. धोका पुढे, फ्रॅटर्निटीच्या पार्ट्यांत. सत्राचे पहिले काही आठवडे, साधारण नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत, लैंगिक अत्याचाराच्या दृष्टीने सगळ्यात वाईट मानले जातात, आणि हे सोरॉरिटीत नसलेल्या मुलींनाही तितकंच लागू. पिण्याचं कायदेशीर वय २१ असलं तरी कुणी बेशुद्ध पडलं तर ९११ ला फोन करायचा. फोन करणाऱ्याला बहुतेक राज्यांत कायदा पाठीशी घालतो. हे तिला तुमच्या तोंडून ऐकू दे. ‘आमची मुलगी पीतच नाही’ असं म्हणून विषय बंद केलात, तर गरज पडेल तेव्हा ती तुम्हाला सोडून सगळ्यांना फोन करेल.

आता कुणी घेतलंच नाही तर. प्रेफरन्सच्या रात्री खोलीत दिवे मंद, कुणीतरी गाणं म्हणतं, सगळ्यांचे डोळे पाणावलेले, आणि तिथून मुली थेट आपला शेवटचा क्रम भरायला जातात. त्यासोबत एका करारावर सही असते. त्यात जी हाऊस लिहिली त्यातल्या कुणाचीही बिड आली आणि ती नाकारली, तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य रशपर्यंत दुसऱ्या पॅनहेलेनिक सोरॉरिटीत जाता येत नाही. म्हणून जिथे जायचंच नाही ते नाव लिहू नये हे खरं. पण हट्टाने एकच नाव लिहिणंही धोक्याचं, ते नाही लागलं तर हाती काहीच नाही. ज्या मुली शेवटपर्यंत मिळालेल्या सगळ्या निमंत्रणांना जातात आणि सगळी नावं लिहितात, त्यांना सहसा जागा मिळते. सही करण्याआधी तिने तिच्या रशच्या समुपदेशक मुलीशी बोलावं. ती त्या काळापुरती स्वतःच्या सोरॉरिटीपासून अलिप्त असते आणि तिचं कामच हे असतं.

मधल्या एखाद्या सकाळी फोन येईल आणि पलीकडून फक्त हुंदके. ‘किती हाऊसनी बोलावलं?’ हा प्रश्न तोंडातून जाऊ देऊ नका, तिच्या कानाला तो टक्केवारीसारखा लागतो. ‘मग सोडून दे ना’ हेही नको, आणि पॅनहेलेनिकच्या ऑफिसला फोन तर मुळीच नको. जेवलीस का, झोपलीस का, एवढं विचारा आणि ऐका. तिला सोडायचं असेल तर ती स्वतः सोडेल. रोज काही मुली सोडतात आणि त्यात काही वावगं नाही. ज्या हाऊसचा कोटा भरत नाही ती सप्टेंबरात अनौपचारिकपणे मुली घेतात, तिथे पसंतीक्रमाची कटकटही नसते.

आणि तिला हवंय ते खरंच हेच आहे का, हेही एकदा तिच्याशी बोलून बघा. सिग्मा सिग्मा ऱ्हो, डेल्टा फाय ओमेगा आणि कप्पा फाय गॅमा या तिन्ही दक्षिण आशियाई सोरॉरिट्या १९९८ मध्ये सुरू झाल्या. त्या लहान असतात, घर नसतं, खर्च बराच कमी, निवड सत्र सुरू झाल्यावर माहितीसभा आणि मुलाखती घेऊन होते. तिथेही हेझिंगचा अहवाल तितक्याच बारकाईने वाचावा, आपल्याच मुली म्हणून सूट नको. रासच्या आणि भांगड्याच्या स्पर्धक टीमही आहेत, त्यांची निवडचाचणी सप्टेंबरात. पण हे पर्याय ‘तुला ते गोरे घेणार नाहीत’ अशा सुरात मांडलेत, तर ती ऐकणार नाही, आणि बरोबरच करेल.

राहिलं हॉटेल. नका राहू. रशसाठी डॉर्ममध्ये लवकर राहायला यावं लागतं, त्याची वेगळी तारीख आणि बहुधा वेगळी फी असते. ती आधी नक्की करा, सामान लावून द्या, जवळच्या इंडियन ग्रोसरीत एक चक्कर मारा आणि त्याच संध्याकाळी गाडीला लागा. पालक जवळ आहेत हे कळलं की मुलगी प्रत्येक फेरीनंतर हॉटेलवर धावते आणि मजल्यावरच्या मुलींशी ओळख व्हायची राहून जाते. भेटायचंच असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात फॅमिली वीकेंड असतो. त्याची खोली मात्र आत्ताच बुक करा, फुटबॉलचा घरचा सामना असला तर गावात जागा मिळत नाही.